मदत हवी आहे: भिंतीत झिऱ्या मारताना उडणारी धूळ कशी रोखायची? (पुणे)

कोथरूडमधल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं काम काढलंय. वायरिंग नव्यानं करायचंय, म्हणून सोमवारी कटरनं भिंतीत झिऱ्या मारायला सुरुवात झाली. तासाभरात खोलीत समोरचं दिसेना. काम करणारे मामा तोंडाला ओला रुमाल बांधून चार तास त्या धुरळ्यात उभे होते. मी दारातून दोन मिनिटं डोकावले तर घसा धरला.

वाळू, विटा, काँक्रीट, ग्रॅनाइट सगळ्यात सिलिका हे खनिज असते. फुप्फुसात खोल जाणारे तिचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, रुमालानं अडत नाहीत. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. मामांना खोकला आहेच. "सवय झालीय ताई," म्हणतात. काम थांबवलंय, त्यांचा रोज मात्र चालू ठेवलाय.

ओट्याचा ग्रॅनाइट पाणी सोडून कापणार आहोत, तो प्रश्न मिटला. अडलंय भिंतीपाशी. पाणी मारावं तर शॉकची भीती. बोहरी आळीत तीन दुकानं पालथी घातली, सगळ्यांनी मास्कच पुढे केला. कुणी हे काम कमी धुळीत करून घेतलंय का?

प्रतिसाद:
ताई, साइटवर सुपरवायझर आहे म्हणून सांगतो. दुकानात 'वॉल चेसर', म्हणजे भिंतीत झिऱ्या मारायचं यंत्र, मागा. त्याला दोन पाती असतात, वर झाकण आणि व्हॅक्यूमची नळी जोडायला तोंड. व्हॅक्यूम घरातला चालणार नाही, हेपा फिल्टरचाच (अगदी बारीक धूळही अडवणारा) हवा. फिल्टर चोंदला की ओढ कमी होते आणि धूळ खोलीत येते, म्हणून मधेमधे बघत राहा. एवढं करूनही एन-९५ मास्क लागतोच, आणि दाढी वाढलेली असेल तर तो कडेनं बसत नाही.

संध्याकाळी कोरडा झाडू अजिबात नको. आमच्याकडे दिवसभर जपून काम व्हायचं आणि झाडताना सगळं पुन्हा हवेत. ओलं करून पुसा.

मामांना छातीचा एक्स-रे काढायला न्या. किती वर्षं कटर चालवतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, नाहीतर सिलिकोसिसचे डाग टीबीचे समजले जातात. सिलिकोसिस असला तर टीबीचा धोकाही वाढतो, तेव्हा थुंकीची तपासणीही करून घ्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार. मामांना विचारलं, २२ वर्षं झाली म्हणाले. आजवर एकदाही एक्स-रे नाही. उद्या सकाळी त्यांना घेऊन जातेय. वॉल चेसर आणि व्हॅक्यूम आठवडाभर भाड्यानं कुठे मिळेल? कर्वे रोड, वारजे, कुठेही चालेल.