ईव्ही स्वस्त पडते, पण कोणाला?

हिशेबनीस
आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ईव्हीची, म्हणजे विजेवरच्या गाडीची, एक पोस्ट फिरतेय. मजकूर असा: "किलोमीटरला एक रुपया खर्च. सरकार अडीच लाख देतं. टोल माफ. तरीही पेट्रोलची गाडी घेतो तो हिशेबात कच्चा." उभी हयात बँकेत लोकांची खाती तपासण्यात गेली, त्यामुळे शेवटचं वाक्य झोंबलं. ग्रुपवर लांबलचक लिहिलं की लोक अंगठा दाखवून पळतात, म्हणून इथे धागा काढला.

एक रुपया कोणाला पडतो? ज्याचं स्वतःचं पार्किंग आहे, पार्किंगमध्ये प्लग आहे आणि प्लगला वेगळा मीटर आहे, त्याला. घरच्याच मीटरवर गाडी लावा आणि महिन्याला दोनशे युनिट वाढवून बघा. तीनशेच्या वर गेलात की युनिट पंधराच्या आसपास जातं. बाहेर फास्ट चार्जरवर वीस-चोवीस रुपये मोजा, त्यात १८ टक्के जीएसटी. म्हणजे किलोमीटरला साडेतीन रुपये. सीएनजीची गाडीही साधारण तेवढ्यातच जाते, आणि ती भरायला पाऊण तास लागत नाही.

आता अडीच लाख. ते राज्याच्या २०२१ च्या धोरणातले. दीड लाख कमाल आणि लवकर घेणाऱ्यांना वर एक लाख, तेही पहिल्या दहा हजार गाड्यांपुरते. ती पंगत कधीच उठली. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर उतरला, ईव्हीचा ५ वर आहे तिथेच आहे, म्हणजे किमतीतलं अंतर पुन्हा वाढलं. रस्ता कर माफ धरूनही तीन लाखांचा फरक उरला समजा. माझ्यासारखा निवृत्त माणूस वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरतो. तीन लाख वसूल व्हायला दहा वर्षांच्या वर लागतील. तोवर बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी संपलेली असेल आणि बहुधा माझीही.

माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. ज्याच्याकडे पंधरा-वीस लाख आहेत त्याला करमाफी आणि टोलमाफी, आणि त्याची भरपाई पेट्रोल भरणारा दुचाकीवाला करणार. हा न्याय कुठला?

वाकडची_वीज
काका, हिशेब चोख आहे, फक्त तो तुमचा आहे. पाच हजार किलोमीटर फिरणाऱ्याने मुळात नवी गाडीच घेऊ नये, रिक्षा करावी.

मी वाकड ते चाकण रोज जातो. वर्षाला अठरा हजारांच्या वर. पेट्रोल १०४ रुपये, शहरात गाडी पंधराचं ॲव्हरेज देते, म्हणजे सात रुपये किलोमीटर. माझा खर्च दीडपर्यंत. तीन लाखांचा फरक साधारण तीन वर्षांत वळता होतो, सर्व्हिसिंगची बचत अजून धरलीच नाही.

आणि सबसिडीबद्दल लोक धडाधड बोलतात म्हणून सांगतो. केंद्राच्या फेम-२ या सबसिडी योजनेत खासगी मोटारीला दमडी नव्हती, चारचाकीत फक्त टॅक्सीला होती. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत तर मोटारच नाही. १०,९०० कोटी ठेवले ते बस, रिक्षा, दुचाकी, ट्रक आणि चार्जरसाठी. दुचाकीवाल्याच्या खिशातून मला पैसे मिळतात म्हणे! सबसिडी ठेवली ती त्याच्यासाठीच.

हिशेबनीस
काका म्हणू नका, आपली ओळख नाही.

कमी कर हीच सबसिडी असते, हे बँकेतल्या शिपायालाही कळतं. ५ टक्के जीएसटी कोणाला? तुम्हाला. मोठ्या पेट्रोल गाडीला ४० टक्के आहे. रस्ता कर पेट्रोलवाल्याला ११ ते १३ टक्के, तुम्हाला शून्य. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांच्या वरच्या ईव्हीला ६ टक्के कर लावायचं ठरलं होतं. तीस लाखांच्या वर, लक्षात घ्या. तोसुद्धा मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत त्याच महिन्यात मागे घेतला. तीस लाखांची गाडी घेणारा गरीब बिचारा ६ टक्क्यांनी मेला असता?

लालपरी_प्रेमी
हिशेबनीसांशी सहमत. सरकारला धूर कमी करायचा असेल तर एका गाडीत एक माणूस बसवून होणार नाही. १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर एसटीची विजेवरची बस ई-शिवाई सुरू झाली तेव्हा वाटलं होतं की चार वर्षांत निम्मी एसटी विजेवर जाईल. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर अजून तीच खडखडणारी गाडी येते, आलीच तर. टोल माफ केलेल्या प्रत्येक रुपयाची बस घ्या.

चांद्याचा_कोळसा
राजेहो, तुमचं शहरातलं भांडण चालू द्या, पण ती वीज येते कुठून ते बी सांगा न. आमच्या चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. कपडे वाळत घातले की संध्याकाळी काळे. पुण्याची हवा साफ व्हावी म्हणून धूर आम्ही खायचा. आणि ४६ डिग्रीत गाडी उन्हात उभी राहून चार्ज करून पहा एकदा. माझ्या साळ्याची ईव्ही आहे, मे महिन्यात फास्ट चार्जर अर्ध्या वेगानं चालते, बॅटरी गरम होते म्हणून. वरून तो एसीत बसून वाट पाहते, म्हणजे भरलेली वीज एसीतच जाते.

वाकडची_वीज
कोळशाची वीज धरूनही पेट्रोल इंजिनापेक्षा कार्बन कमी पडतो, कारण इंजिन बहुतेक इंधन उष्णतेत घालवतं. पण तुमच्याकडच्या धुराचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

उसाचा_फड
पेट्रोलवाल्यांचे एवढे कैवार घेताय, त्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. आणि पुण्या-मुंबईचे लोक मायलेज कमी झालं म्हणून ऊसवाल्याला शिव्या घालतात. कारखान्याने बिलं वेळेवर दिली ती इथेनॉलमुळे. ईव्ही आली की आमचं काय, हे कोणी बोलत नाही.

लालपरी_प्रेमी
उसाचा विषय काढलात तर पाण्यावरून मराठवाड्यातला माणूस उठेल आणि धाग्याचं काश्मीर होईल, भांडण संपायचं नाही. राहू द्या.

कूलकॅब
मी ईव्ही टॅक्सी चालवतो, मुंबई-पुणे. वरचे सगळे हिशेब खुर्चीत बसून केलेले दिसतात म्हणून दोन शब्द.

पैसे सुटतात, खोटं बोलणार नाही. एक्स्प्रेसवेच्या टोलचे ३२० जातायेता वाचले की हप्त्याला आधार होतो. माफी मे २०२५ मध्ये जाहीर झाली, अटल सेतूवर प्रत्यक्षात २२ ऑगस्टला. मधल्या काळात एका नाक्यावरच्या माणसाने मला विचारलं, "कोणती माफी?" फास्टॅगमधून कापलेले पैसे कुठे मागायचे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

खरा घोळ चार्जिंगचा. फूड मॉलला दोन चार्जिंग गन, त्यातली एक बंद. चालू असलेल्या गनवर कोणी साहेब गाडी लावून वडापाव खायला गेलेले. ऐंशी टक्के झाले तरी काढत नाहीत. ऐंशीनंतर वेग निम्म्यावर येतो हे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. मागे मी, गाडीत विमान पकडायचं असलेलं गिऱ्हाईक. ॲपवर "उपलब्ध" दाखवतं आणि जागेवर गेलं की स्क्रीन काळी. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, प्रत्येकात शंभर-दोनशे अडकलेले. घाट उतरताना बॅटरी परत भरते म्हणून लोक टाळ्या वाजवतात. चढताना किती जाते ते पण बघा, भरलेली गाडी आणि एसी लावून.

रात्री घरी चार्ज करता आलं असतं तर हे काही नसतं. चाळीत राहतो. गाडी रस्त्यावर.

ठाण्याची_मी
चाळच कशाला, तेहतीस मजली टॉवर घ्या. पार्किंग माझं, पैसे माझे, वायर माझी. सोसायटी चार्जर लावायला एनओसी (ना हरकत दाखला) देत नाही. आधी म्हणाले आग लागेल. मग म्हणाले ट्रान्सफॉर्मरवर लोड येईल. वीज कंपनीच्या माणसाने येऊन लोड तपासून दिला, तर म्हणाले सर्वसाधारण सभेत ठेवू. सभेत विषय आला रात्री अकराला, गणपतीच्या वर्गणीच्या भांडणानंतर. एक काका उठून म्हणाले, "मुंबईत मोबाईल फुटतात, ही तर मोटार आहे." ठराव नामंजूर, टाळ्या.

गाडी नवऱ्याच्या ऑफिसात चार्ज होते. नवरा घरून काम करायला लागला की गाडी आमच्यासारखीच घरात बसून.

वाकडची_वीज
+१. माझाही अनुभव हाच, फक्त आमचे सेक्रेटरी जास्त हुशार. त्यांनी "एकाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल" असं लेखी दिलं. अहो, द्या की सगळ्यांना! केंद्राने २०१९ मध्येच नमुना बांधकाम नियमांत २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय सांगितली. जुन्या इमारतींना ते लागू नाही, आणि लोक राहतात जुन्या इमारतींत.

हिशेबनीस
एनओसीबद्दल दुसरी बाजूही ऐका. कमिटीवर बसलेला माणूस बिनपगारी असतो. आग लागली तर पोलीस त्याला बोलावतात, गाडीवाल्याला नाही. आमच्याकडे एकाने लिफ्टच्या मीटरवरून एक्स्टेन्शन टाकून गाडी लावली होती. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, बाजूला स्कूटरी, वर सुकत घातलेल्या साड्या. बिल सगळ्यांनी मिळून भरलं. विचारलं तर म्हणतो, "थोडीशीच घेतली." पुढचा माणूस एनओसी मागायला आला तेव्हा मी अर्ज बाजूला ठेवला, अजून दोघांचे ठेवले. विमा कंपनीने लेखी कळवल्याशिवाय सही करणार नाही म्हणून सांगितलं.

ठाण्याची_मी
थांबा. म्हणजे तुम्हीच ते सेक्रेटरी!

वाकडची_वीज
😂 धाग्याचा विषय होता "ईव्ही स्वस्त पडते, पण कोणाला?" उत्तर आलं, ज्याच्या सोसायटीत हिशेबनीस नाहीत त्याला.

म्हणजे पहिल्या पोस्टमध्ये "वेगळा मीटर नाही म्हणून महाग पडते" हा युक्तिवाद, आणि वेगळ्या मीटरचे अर्ज तुमच्याच ड्रॉवरमध्ये. धन्य आहे.

हिशेबनीस
हसा. चोरून वीज घेणाऱ्याचं बिल तुम्ही भरलं असतं तर हसला नसता. आणि मला ओळखत नसताना माझ्यावर व्यक्तिगत जाऊ नका. ग्रुपवरही हेच होतं, मुद्दा संपला की वय काढतात.

ठाण्याची_मी
वय कोणी काढलं? एकाने वीज चोरली म्हणून तिघांना शिक्षा, हे काढलं. चोर त्या प्लगवर होता कारण सरळ मार्गाने मीटर मिळत नव्हता. महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, स्लॅब लागत नाही, बिल थेट गाडीवाल्याच्या नावावर. सोसायटीला एक पैसा लागत नाही, फक्त मीटर रूममध्ये हातभर जागा आणि एक सही.

बे_एरियातून
इथे कॅलिफोर्नियात ७,५०० डॉलरची केंद्रीय सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. त्याआधी शोरूममध्ये उड्या पडल्या होत्या. सबसिडीवर उभा बाजार असाच असतो. भारताने यातून शिकावं.

कूलकॅब
दादा, तुमच्याकडे गॅरेज आहे ना? मग बरोबर.

चांद्याचा_कोळसा
एक इचारतो. आता स्मार्ट मीटरवाल्याले दिवसा नऊ ते पाच वीज स्वस्त केली, युनिटमागं ऐंशी पैसे ते रुपया. सौर वीज तेव्हा भरपूर असते म्हणून. पण नऊ ते पाच गाडी घरी राहते कोणाची? हापिसात राहते. मंग चार्जर सोसायटीत काहून, हापिसात लावा न. भांडण बी मिटते, अन् आमचा कोळसा बी वाचते.

वाकडची_वीज
हा या धाग्यावरचा सर्वांत कामाचा प्रतिसाद आहे आणि तो ईव्ही विरोधकाकडून आला, हे लिहून ठेवतो.

लालपरी_प्रेमी
ऑफिसला बसने गेलात तर चार्जरच लागत नाही. असो. हलके घ्या.

हिशेबनीस
चंद्रपूरकरांचा मुद्दा पटला, कारण त्यात मला सही करावी लागत नाही.

बाकी काल ग्रुपवर विषय काढला. दुर्दैवाने विमावाल्याचं पत्र आलेलं निघालं. त्यात लिहिलंय की मान्यताप्राप्त चार्जर, स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा दाखला असेल तर हरकत नाही. तेव्हा तीनही अर्ज येत्या बैठकीत घेतो. अटी: मीटर स्वतःच्या नावावर, केबल भिंतीलगत पाइपातून, अग्निशामक सिलिंडर त्यांच्या खर्चाने, आणि लिफ्टवाल्या गृहस्थांनी मागची बाकी भरल्याशिवाय त्यांना नाही. ईव्ही स्वस्त आहे असं मी यात कुठेही म्हटलेलं नाही. टोल मात्र भरायला पाहिजे, ते मत कायम.

ठाण्याची_मी
टोलचं नंतर भांडू. त्या अटींचा कागद इथे टाका, आमच्या कमिटीच्या तोंडावर मारायला उपयोगी पडेल.

हिशेबनीस
टाकतो. लेटरहेड काढून.