एसीच्या गळतीमुळे भिंतीवर बुरशी : रंग आत्ताच द्यावा का?

प्रश्न
आम्ही ठाण्यात राहतो. बेडरूममधील स्प्लिट एसीच्या आतल्या युनिटमधून एप्रिलपासून थेंब थेंब पाणी भिंतीवर उतरत होते आणि आम्ही खाली बादली ठेवून उन्हाळा काढला. आता जुलैमध्ये युनिटखाली हातभर रुंदीचा काळपट हिरवा पट्टा उमटला असून त्या भिंतीला टेकलेल्या प्लायवूडच्या कपाटातील कपड्यांनाही बुरसट वास येतो. रंगारी म्हणतो की भिंत घासून, वॉटरप्रूफ पुट्टी भरून तो चार दिवसांत रंग देईल. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि त्या याच खोलीत झोपतात. काय करावे?

प्रतिसाद १
रंगाऱ्याला थांबवा. ओल आत कोंडून वरून पुट्टी भरली, तर दिवाळीपर्यंत पोपडे निघतील. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. हे पाणी ट्रेमधून ड्रेन पाइपने बाहेर जायला हवे. परंतु ट्रेमध्ये शेवाळासारखा चिकट गाळ साचला, पाइपला उतार नसला किंवा बाहेरच्या बादलीत पाइपचे तोंड पाण्यात बुडाले, तर ते मागे फिरते. माझ्याकडे कारण बादलीचेच निघाले, आणि तोवर दोन सर्व्हिसिंगचे पैसे गेले होते! कॉइलवर बर्फ धरत असेल, तर मात्र फिल्टर तुंबला आहे की गॅस कमी झाला आहे, हे मेकॅनिककडून पाहून घ्या.

प्रतिसाद २
सर्वप्रथम सासूबाईंची झोपण्याची व्यवस्था दुसऱ्या खोलीत करा आणि साफसफाईच्या वेळी त्यांना तिकडे फिरकू देऊ नका. कोरडी भिंत घासू नये, कारण त्याने बुरशीचे बीजाणू घरभर उडतात. एसी व पंखा बंद ठेवून, खोलीचे दार लावून, खिडकी उघडून, एन-९५ मास्क व हातमोजे घालून भिंत ओली करावी आणि साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी. ब्लीच वापरायचेच असेल, तर ते पातळ करून वापरा. मात्र त्यात टॉयलेट साफ करण्याचे ॲसिड कदापि मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. प्लायवूड फुगले असेल, तर ब्लीचचा उपयोग वरवरचाच होतो, कारण बुरशी आतवर गेलेली असते. कपाटाची ती पाठ बदलणेच शहाणपणाचे. कपडे गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही सूचना योग्य आहेत, पण एक शक्यता राहून गेली. तांब्याचे पाइप भिंतीच्या आतून नेले असतील आणि त्यांवरचे फोमचे आवरण फाटले असेल, तर ट्रे स्वच्छ असूनही पाइपला घाम सुटून भिंत आतून भिजत राहते. शिवाय जुलै आहे, म्हणजे बाहेरच्या भिंतीतूनही ओल येत असू शकते. आठवडाभर एसी बंद ठेवून डागाच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. एसी बंद असतानाही डाग रेघेबाहेर सरकला, तर दोष पावसाचा समजून सोसायटीकडे अर्ज करावा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. गॅलरीतील बादलीत पाइप वीतभर बुडालेला होता. तो वर बांधला आहे. पेन्सिलीची रेघ आजच मारली असून सासूबाई हॉलमध्ये झोपत आहेत. रंगाऱ्याला ऑक्टोबरनंतर यायला सांगितले आहे. तो नाराज झाला, पण इलाज नाही.