विषय: पत्रातलं तिसरं वाक्य

प्रेषक: माई (एडिसन, न्यू जर्सी, माहेर अमळनेर)
सोमवार, रात्री

सर्वांना नमस्कार,

घरातल्या शस्त्रांबाबत राज्याच्या लोकप्रतिनिधींना पाठवायच्या पत्राचा मसुदा आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवला होता. सोबत जोडला आहे. बाकीचं पत्र साधं आहे. तिसऱ्या वाक्याबद्दल मात्र प्रत्येकाने मत कळवावं. ते असं आहे:

"ज्या घरात धोका आहे असं वाटेल, त्या घरातलं शस्त्र पोलिसांनी तत्काळ ताब्यात घ्यावं, त्यासाठी कोर्टाची वाट पाहू नये."

हे वाक्य माझं आहे. गेल्या हिवाळ्यात रात्री अकराला आपल्यातल्याच एका बाईंचा फोन आला. यजमानांची नोकरी जाऊन पाच महिने झाले होते. जेवताना ते शांतपणे म्हणाले होते, "मी नसलो तर विम्यात तुमचं भागेल." पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात. बाई न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून माझ्याशी बोलत होत्या. पोलिसांना फोन करा म्हटलं, तर म्हणाल्या, "त्यांना बेड्या घालून नेलं तर? मुलं बघतील." आम्ही दोघं गाडी काढून गेलो. पिस्तूल आम्हाला हातात घेता येत नव्हतं, इथला कायदा तसा नाही. पहाटे चारपर्यंत चहा करत बसलो. सकाळी त्यांनी स्वतःच पोलिसांना बोलावून ते सुपूर्द केलं.

त्या रात्री आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं की न्यू जर्सीत १ सप्टेंबर २०१९ पासून यासाठीच कायदा आहे. घरातलं माणूस किंवा पोलीस अर्ज करू शकतात, न्यायाधीश तात्पुरता आदेश देतात आणि दहा दिवसांच्या आत सुनावणी होते. तो दिवाणी आदेश असतो, गुन्हा नाही. म्हणजे बेड्यांची जी भीती त्या बाईंना होती ती अनाठायी होती, आणि त्या भीतीपायी आम्ही पाच तास नशिबावर काढले.

२०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. आपण बातम्यांत शाळा आणि मॉल पाहतो. निम्म्याहून जास्त मरण घरातल्या खणातून येतं.

म्हणून ते वाक्य. कळवा.
माई


प्रेषक: नाना (सध्या गावी, तापीकाठ)
मंगळवार

माई, नमस्कार.

तुम्ही त्या रात्री गेलात, त्या घराचं दैव. पण तिसऱ्या वाक्याखाली मी सही करणार नाही. कारण इथे अंगणात माझ्यासमोर बसलं आहे.

बाबा आता ८३ वर्षांचे. आमच्याकडे आजोबांच्या काळी ठासणीची बंदूक होती, नंतर बाबांनी एकनळी बारा बोअर घेतली. केळीत रानडुकरं शिरली की रात्री एक बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. १९५९ चा शस्त्र कायदाच सांगतो की पीक राखायला खरोखर गरज असेल तर परवाना द्यावा. चाळीस वर्षांत त्या बंदुकीची एक तक्रार नाही.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी निरोप आला, बंदूक जमा करा. बाबा दुसऱ्याच दिवशी जमा करून पावती घेऊन आले. खरं तर सरसकट सर्वांची शस्त्रं गोळा करायची नसतात. छाननी समितीने एकेकाचा विचार करायचा असतो: कोण जामिनावर आहे, कोणाचा गुन्ह्यांचा इतिहास आहे, दंगलीत कोणाचं नाव होतं. बाबा यांतल्या कशातच बसत नाहीत. तरी म्हणालो, निवडणूक आहे, जाऊ द्या.

निकाल लागला. बंदूक आली नाही. मग कळलं, परवाना निलंबित आहे. का? "अहवाल प्रतिकूल." अहवालात काय? बांधावरून चुलतभावाशी झालेली बाचाबाची, तिची अदखलपात्र नोंद. तीही कुणीतरी तोंडी सांगितली म्हणून कळली. हातात कागद नाही. कायद्याच्या सतराव्या कलमात लिहिलं आहे की परवाना निलंबित करताना कारणं लेखी नोंदवायची आणि परवानाधारकाने मागितली तर थोडक्यात द्यायची. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच नाकारता येतात. बांधाच्या भांडणात कसलं आलं सार्वजनिक हित?

आमच्या ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. तिथले अंमलदार उद्धट नाहीत, बाबांना खुर्ची देतात, पाणी देतात. फक्त तारीख देत नाहीत.

बाबा बंदुकीसाठी रडत नाहीत हो. कुंपणाला आता सौरऊर्जेचा झटका लावला आहे, डुकरं तशीही कमी झाली. त्यांना लागलंय ते वेगळं. ते अहिराणीत म्हणतात, "मन्ही चूक काय शे, ते तरी सांगा." परवा पारावर कुणीतरी थट्टेत "जप्तीवाले बाबा" म्हणालं. तेव्हापासून ते पारावर गेले नाहीत.

तुमच्या वाक्यात "धोका आहे असं वाटेल" असं आहे. कुणाला वाटेल? चुलतभावालाही वाटू शकतं.

नाना


प्रेषक: दादा (हार्टफर्ड, मूळ धुळे)
मंगळवार, दुपार

माई, नाना,

मी वकील नाही. कोर्टात हिंदी-मराठी दुभाष्याचं काम करतो, त्यामुळे या सुनावण्या खुर्चीवर बसून ऐकल्या आहेत. आमच्या कनेक्टिकटने असा कायदा देशात सर्वांत आधी, १९९९ साली केला. त्याआधीच्या वर्षी राज्याच्या लॉटरी कार्यालयात एका कर्मचाऱ्याने चौघांना मारून स्वतःला संपवलं होतं. आज वीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. आमच्याकडच्या अनुभवावर जो अभ्यास झाला, त्यात साधारण दहा ते वीस जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली असा अंदाज निघाला. माईंच्या बाजूने ही फार मोठी गोष्ट आहे.

पण "कोर्टाची वाट पाहू नये" हे टिकणार नाही. २०१५ साली ऱ्होड आयलंडमध्ये एका नवऱ्याने भांडणात पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि बायकोला म्हणाला, मार मला एकदाचं. ती रात्रभर बाहेर राहिली आणि सकाळी तिने पोलिसांना त्याची खुशाली बघायला सांगितलं. पोलिसांनी त्याला तपासणीसाठी इस्पितळात पाठवलं आणि तो गेल्यावर घरात शिरून बंदुका नेल्या. वॉरंट नव्हतं. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की "काळजीपोटी" एवढ्याच कारणाने पोलिसांना कुणाच्या घरात शिरता येत नाही. माईंनी सांगितलेल्या रात्रीच्या अगदी जवळचा हा खटला आहे, म्हणून लिहिला.

दुसरीकडे त्याच न्यायालयाचा रहीमी खटल्यातला जून २०२४ चा निकाल बघा. आठ विरुद्ध एक. दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं कोर्टाने ठरवलेल्या माणसाकडून शस्त्र तात्पुरतं काढून घेता येतं, त्याने शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या, घटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीचा भंग होत नाही. सगळा भार "कोर्टाने ठरवलेल्या" आणि "तात्पुरतं" या शब्दांवर आहे.

आणि २०२२ च्या जूनमध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, या कायद्यांसाठी राज्यांना निधी द्यायचं ठरवलं, तेव्हा अटीही घातल्या: प्रत्यक्ष सुनावणी, निःपक्ष न्यायाधीश, विरोधातला पुरावा बघायला मिळणं, आपला पुरावा मांडणं, वकील नेता येणं (सरकारी खर्चाने मात्र नाही).

कागदावर एवढं असूनही काय होतं ते सांगतो. एका सुनावणीत आपल्याच भाषेतले एक आजोबा होते. न्यायाधीश एकेक आरोप वाचत होते आणि आजोबा प्रत्येक वाक्याला मान हलवून "हो... हो..." म्हणत होते. आपल्याला माहीत आहे, ते "हो" म्हणजे "ऐकतोय, पुढे बोला." पण मी तोंडातून निघालेल्या शब्दाचं भाषांतर करायला बांधील असतो. मी परवानगी मागून खुलासा केला आणि न्यायाधीशांनी प्रत्येक प्रश्न पुन्हा विचारला. त्या वेळी निम्म्या प्रश्नांना उत्तर "नाही" आलं. त्या दिवशी दुभाषी नसता, किंवा फोनवरून जोडलेला असता आणि त्याला मान दिसली नसती, तर?

दादा


प्रेषक: ताई (डॅलस, मूळ नंदुरबार)
मंगळवार, रात्री

मी बायकांच्या मदतवाहिनीवर आठवड्यातून दोन रात्री फोन घेते, म्हणून थोडं कठोर लिहिते.

नाना, बाबांवर अन्याय झाला आहे. पण त्यांना आधी नोटीस द्या, मग सुनावणी, मग शस्त्र, असा क्रम सर्वांना लावला तर माझ्या फोनवरची बाई मरते. अर्ज केल्याचं नवऱ्याला कळलं आणि शस्त्र अजून घरात आहे, ते दिवस सर्वांत वाईट. पहिला आदेश त्याचं न ऐकताच निघायला हवा. यात तडजोड नाही. आणि त्या बाईला "पुरावा आण" म्हणू नका. नळ सोडून बोलणारी बाई कुठून आणणार पुरावा?

ताई


प्रेषक: नाना
बुधवार, पहाट

ताई, तुमचं पत्र रात्री दोनदा वाचलं. पटलं. पहिला आदेश ऐकल्याशिवाय निघावा, हे मान्य.

एक गोष्ट मी कालच्या पत्रात लिहिली नव्हती. आई गेली त्या वर्षी बाबा महिनाभर नीट जेवले नाहीत. रात्री उठून मळ्यात जायचे. वहिनींनी कुणाला न विचारता काडतुसांची पेटी उचलली आणि ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवली. बाबांनी विचारलं तेव्हा तोंडावर सांगितलं, "मी ठेवली आहे. दिवाळीनंतर देईन." आणि दिवाळीनंतर दिली. बाबा आजही म्हणतात, सुनेने मला वाचवलं. त्याच माणसाची काडतुसं वहिनींनी काढून घेतली तेव्हा त्याचा मान गेला नाही, ठाण्याने बंदूक घेतली तेव्हा गेला. वहिनींनी कारण सांगितलं होतं, मुदतही सांगितली होती.

आता दुसरं. तुम्ही सगळे परवान्याच्या बंदुकीबद्दल बोलताय. खान्देशात कुणाला विचारा, खून-दरोड्याच्या बातमीत काय असतं? गावठी कट्टा. चोपड्याच्या वर, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून उमर्टी आहे. तिथल्या कट्ट्यांचं नाव पार पुण्या-मुंबईच्या गुन्ह्यांत निघतं. त्याला ना क्रमांक, ना परवाना, ना छाननी. आपल्या शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्र बनवण्या-विकण्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा केली, परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मुभा दिली. कायदा कडक झाला, पण हाताशी सापडतो तो पावती घेऊन रांगेत उभा राहिलेला म्हातारा. दादा, तुमच्याकडेही सुटे भाग मागवून घरी जोडायच्या बिनक्रमांकाच्या बंदुका आहेत ना? त्यांच्या संचांवरही क्रमांक आणि खरेदीदाराची तपासणी हवी, हा नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरला, तेव्हा मला बरं वाटलं. आधी तिथे लक्ष द्या.

उमर्टीचं नाव घेतलं की लोक लगेच शिकलगार समाजाचं नाव घेतात, तेही मला सहन होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रं घडवणारे, धार लावणारे कारागीर. त्यांतले काही कट्टे बनवतात म्हणून त्या आडनावाचा पोरगा चोपड्याच्या बसस्टँडवर उभा दिसला की झडती? आपल्या मुलखाने हे पाहिलं आहे. इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा करून जातीच्या जाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का १९५२ मध्ये पुसला, तरी पारध्याच्या पालावर पोलीस अजून पहिल्यांदा जातात. आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली, गोऱ्यांना सूट दिली. शस्त्र कोणाचं काढायचं हे माणूस काय करतो यावरून न ठरवता माणूस कोण आहे यावरून ठरवलं, की काय होतं, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. आपलं मंडळ परदेशात अल्पसंख्य आहे. "धोका आहे असं वाटेल" हे शब्द उद्या आपल्याच दाढीवाल्या, पगडीवाल्या शेजाऱ्यावर येतील.

बाबांना सगळी पत्रं वाचून दाखवली. ताईंच्या पत्राला ते म्हणाले, "बंदूक लई ल्या, मन्हं ना नही. पन तारीख सांगा."

नाना


प्रेषक: माई
गुरुवार

वाक्य बदललं आहे. दादाने शब्द तपासले, ताईने एक अट घातली, ती घेतली.

"शस्त्रामुळे जिवाला तातडीचा धोका असल्याचं घरच्यांनी वा पोलिसांनी शपथेवर सांगितल्यास न्यायाधीशांनी त्याच दिवशी, समोरच्याला आधी न कळवता, आदेश द्यावा, त्या आदेशावरच कारण, सुनावणीची तारीख आणि शस्त्र परत मिळण्याची रीत लिहिलेली असावी, आणि सुनावणीला त्याच्या भाषेचा दुभाषी प्रत्यक्ष हजर असावा."

लांब झालं आहे, मला ठाऊक आहे. तोडायला गेले तर प्रत्येक तुकड्यामागे कुणाचा तरी चेहरा दिसतो.

पुढच्या महिन्यात सभागृहात एक संध्याकाळ ठेवू. अर्ज कुठे करायचा, रात्री कुणाला फोन करायचा, हे मराठीत एका पानावर छापून प्रत्येकाला देऊ. ज्या बाईंचा मी उल्लेख केला, त्यांच्या परवानगीनेच लिहिलं होतं. त्या आणि त्यांचे यजमान दोघंही येणार म्हणाले. यजमानांना कामही मिळालं आहे. चहाची जबाबदारी त्यांनी मागून घेतली.

नाना, बाबांच्या वतीने कारणांची लेखी मागणी करा. दादा मसुदा पाठवतो आहे.

माई


प्रेषक: नाना
शनिवार

मसुदा मिळाला. अर्ज काल बाबांनी स्वतः नेऊन दिला, मी नुसता सोबत होतो. पोच घेतली आहे, शिक्का आहे, सही आहे. तारीख विचारली. पुढच्या आठवड्यात या म्हणाले. बाबांनी त्यांच्यासमोरच पोच उलटी करून मागे पेनाने "पुढचा आठवडा" असं लिहून ठेवलं.

नाना