चौदा दिवसांच्या गोळ्या कामगाराच्या हातात देऊन मोकळं व्हायचं का?

ताळगावकर: आमच्या शेजारच्या बांधकामावर झारखंडचा एक पोरगा आहे. जुलैत त्याला मलेरिया झाला, त्यातला व्हायव्हॅक्स प्रकार. तीन दिवस क्लोरोक्विन, चौदा दिवस प्रायमाक्विन असं लिहून दिलं. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पोरगा परत स्लॅबवर. सप्टेंबरात पुन्हा हुडहुडी. त्याच्या पत्र्याच्या खोलीत प्रायमाक्विनच्या पट्ट्या बघितल्या. रोज दोन घ्यायच्या होत्या, फोडलेल्या मोजून आठ.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. कामगाराचं हेल्थ कार्ड करताना गोव्यात रक्त तपासतात, मग गोळी गिळेपर्यंत कोणी का थांबत नाही? टीबीसारखं समोर उभं राहून औषध द्या आणि जबाबदारी कंत्राटदारावर टाका. नाहीतर अर्धवट डोसांनी हीही औषधं निकामी होतील. क्लोरोक्विनचं तेच झालं, 1973 साली आसामात पहिल्यांदा दिसलं.

स्लाईडवाली: दादा, कळकळ पटली, पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारताय. मी रोज रक्ताच्या स्लाईडी बघते म्हणून सांगते. या पोराला पुन्हा ताप आला तो बहुतेक यकृतात झोपलेल्या जंतूंमुळे. क्लोरोक्विन रक्तातले मारतं, यकृतातल्यांपर्यंत पोचत नाही, त्यासाठीच प्रायमाक्विन. तो डोस राहिला की आजार उलटतो. जंतू औषधाला दाद देईनासे होतात तो प्रतिरोध, याला तसं म्हणत नाहीत.

आसामात 1973 साली दिसलं ते फाल्सिपॅरम या मलेरियाच्या दुसऱ्या, जास्त जिवावरच्या प्रकारात, आणि खरी धास्ती त्याचीच. त्यावर दोन औषधं जोडीने देतात. ईशान्येत आर्टेसुनेटच्या जोडीचं सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन चालेना, म्हणून 2013 साली तिथली जोडीच बदलली, आर्टिमीथर-ल्युमेफँट्रिन आलं. बाकी देशात जुनीच राहिली. ओडिशा, झारखंडहून माणसं इथे कामाला येतात, जंतूही त्यांच्यासोबत येतात. बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात या जंतूंवर संशोधन झालंय ते उगाच नाही. पैसा असेल तर जंतूंची जनुकं तपासून प्रतिरोध शोधण्यात घाला, गोळ्या मोजायला माणसं ठेवण्यात नको.

ताळगावकर: प्रतिरोधाशी गाठ मारली ती चूक, मान्य. पण ताई, तो पोरगा दोन महिने जंतू घेऊन फिरला. साईटवर पाण्याच्या उघड्या टाक्या आहेत, मलेरिया पसरवणाऱ्या स्टीफेन्सी डासाला आणखी काय हवं? जनुकं तपासून त्याचा ताप थांबला असता का?

म्हापशेंकार फार्मासिस्ट: दोघांनीही आमच्या काउंटरवर उभं राहून बघा. 'तापाची गोळी द्या' म्हणत माणूस येतो, रक्त तपासलेलं नसतं. आर्टेसुनेट ज्या गटातलं ते आर्टेमिसिनिन नुसतं, जोडीशिवाय, तोंडाने द्यायला आपल्याकडे 2009 पासून बंदी आहे, ती योग्यच, पण अंदाजाने औषध देणं अजून थांबलेलं नाही. आफ्रिकेतल्या मलावीत 1993 साली क्लोरोक्विन बंद केलं आणि दहा-बारा वर्षांनी ते फाल्सिपॅरमवर पुन्हा लागू पडायला लागलं. आधी विक्री आवरा.

शिरोड्याची नर्स: समोर उभं राहून प्रायमाक्विन द्यायला माझा विरोध आहे. निदान आज आहे त्या तयारीत तरी. रक्तपेशी जपणारं जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी असलेल्याला दिलं तर रक्तपेशी फुटतात, लघवी कोकाकोलासारखी काळपट होते. हे तपासल्याशिवाय मुकादमाच्या हातून सक्तीने गोळ्या घालणार? तो विचारणार तरी आहे का लघवीचं? जागतिक आरोग्य संघटनेने आता सात दिवसांचा कोर्सही मान्य केलाय, पण त्यात रोजचा डोस दुप्पट, म्हणजे तपासणी आणखी गरजेची.

ताळगावकर: नर्सताई, मुकादमाचा हट्ट सोडला. तपासणी आधी, मग गोळी, आणि द्यायला आरोग्य केंद्राचं माणूस. पण द्यायचीच. तो पोरगा मला म्हणाला, गोळी घेतली की पोटात ढवळतं, आणि दिवस भरला नाही तर मजुरी नाही. त्या चौदा दिवसांत त्याची हजेरी कोण लावणार, तेही इथेच बोलूया.

स्लाईडवाली: हजेरीचं बरोबर आहे. पण त्याच्या दुसऱ्या तापाची स्लाईड काढली होती का? त्यात फाल्सिपॅरमही सापडलं तर आपण चौघं वेगळंच बोलत असू.