मदत हवी आहे: हृदयाचा एमआरआय कोल्हापुरात कुठे होतो?

नमस्कार मंडळी. माझा पुतण्या तालमीत जोर मारताना डोळ्यांपुढं अंधारी येऊन आखाड्यातच कोसळला. ईसीजीत बदल दिसले. इकोत हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा १९ मिलिमीटर जाड निघाला. १५ च्या वर गेला की हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचा, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याच्या आजाराचा, संशय धरतात म्हणे. डॉक्टरांनी कुस्ती तूर्त बंद केलीय आणि गॅडोलिनियमचं (व्रण स्कॅनमध्ये उठून दिसावेत म्हणून देतात ते औषध) इंजेक्शन देऊन कार्डियाक एमआरआय करायला सांगितलाय. हृदयाच्या स्नायूत व्रण किती पसरलेत ते त्यात कळतं, इकोत नीट कळत नाही. व्रण जास्त असले तर ठोके बिघडून हृदय अचानक बंद पडायचा धोका वाढतो. आयसीडी (ठोके बिघडले तर शॉक देऊन ते ताळ्यावर आणणारं, शरीरात बसवायचं यंत्र) बसवायचं की नाही, हे ठरवायला तो रिपोर्ट लागणार आहे.

पोरगं एकच विचारतंय, "काका, परत मातीत उतरता येईल न्हवं?" मला आधी त्याचा जीव हवाय.

हा एमआरआय कोल्हापुरात होतो का, की पुणं गाठावं लागेल? मशीन मिळेल, पण हृदयाचा एमआरआय नेहमी वाचणारा रेडिओलॉजिस्ट हवा. खर्च साधारण किती? आयसीडी लागलंच तर महात्मा फुले योजनेत बसतं का? आजार घराण्यातून येतो, म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीचाही इको करून घेतोय. कुणाच्या घरी हे झालं असेल तर कृपया लवकर कळवा.