शब्दचर्चा: ‘पौगंडावस्था’, ‘यौवनारंभ’ आणि ‘वयात येणे’

दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी त्यांच्या शरीरात आणि मनात होणाऱ्या बदलांविषयी मराठीत काही लिहायचे ठरवले, की विषयाच्या आधी शब्द आडवे येतात. पौगंडावस्था, किशोरावस्था, कुमारवय, यौवनारंभ, तारुण्यात पदार्पण, वयात येणे हे सगळे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, आणि वाचणाऱ्या मुलाला मात्र त्यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या गोष्टीचे नाव वाटतो. या शब्दांचे अर्थ, त्यांची मुळे आणि त्यांचा आजचा वापर यांविषयी मला जे सापडले आणि जे पटले, ते येथे मांडत आहे.

सर्वांत मोठी गल्लत ‘पौगंडावस्था’ या शब्दाने होते. शरीर प्रजननक्षम होण्याची जैविक प्रक्रिया ही एक गोष्ट आहे आणि बालपण संपून प्रौढपण येईपर्यंतचा आयुष्याचा टप्पा ही दुसरी. मराठीत दोन्हींना हाच शब्द लावला जातो. पहिली प्रक्रिया मेंदूतील अधश्चेतक या भागात सुरू होते. तेथून एक संप्रेरक ठरावीक अंतराने, सुरुवातीला मुख्यतः रात्रीच्या झोपेत, स्रवू लागते, त्याने पियुषिका ग्रंथी कामाला लागते आणि तिच्या संदेशांवरून मुलींची अंडाशये इस्ट्रोजेन व मुलांची वृषणे टेस्टोस्टेरॉन मोठ्या प्रमाणावर तयार करू लागतात. मुलींमध्ये याची पहिली खूण बहुधा ८ ते १३ या वयात स्तनांच्या वाढीने दिसते, तर मुलांमध्ये ९ ते १४ या वयात वृषणांचा आकार वाढू लागतो. तेथून पुढची दोन ते पाच वर्षे हे काम चालते. दुसऱ्या गोष्टीला, म्हणजे टप्प्याला, जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ ही वर्षे देते, आणि त्यात शरीराबरोबर शिक्षण, मैत्री, स्वतःविषयीची समज, घरातले बदलणारे स्थान हे सारे येते. माझ्या मते प्रक्रियेसाठी ‘यौवनारंभ’ आणि टप्प्यासाठी ‘किशोरावस्था’ असे वाटप केले, तर पुष्कळ वाक्ये आपोआप स्पष्ट होतात. सतरा वर्षांच्या मुलीचा यौवनारंभ बहुधा पूर्ण झालेला असतो, पण तिची किशोरावस्था चालूच असते. हे साधे विधान ‘पौगंडावस्था’ हा एकच शब्द हाताशी असताना करता येत नाही.

‘पौगंड’ या शब्दाचा इतिहासही मनोरंजक आहे. वयाचे भाग सांगणाऱ्या एका प्रसिद्ध संस्कृत श्लोकात ‘कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि’ असे म्हटले आहे. म्हणजे पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, त्यानंतर कैशोर आणि मग यौवन. या हिशेबाने ज्या वयात आपण पौगंडावस्था सुरू झाली असे म्हणतो, त्या वयात ती संपलेली असायला हवी. काही कोशांनी ही मर्यादा सोळाव्या वर्षापर्यंत नेली आहे, आणि मराठीने तर तिचा आरंभच पुढे सरकवला. शब्दांचे अर्थ सरकतात, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हा शब्द ऐकून मुलाच्या डोळ्यांपुढे काहीही उभे राहत नाही, आणि वापरात तो जवळजवळ नेहमी ‘समस्या’ या शब्दाला चिकटून येतो. ‘पौगंडावस्थेतील समस्या’ हे शब्द इतक्या वेळा एकत्र वाचले जातात, की ती अवस्थाच एखाद्या आजारासारखी वाटू लागते.

‘किशोर’ या शब्दाचे मूळ मात्र फार जिवंत आहे. संस्कृतात किशोर म्हणजे आधी शिंगरू, घोड्याचे पिल्लू. मग कोणत्याही प्राण्याचे पिल्लू, आणि त्यानंतर माणसाचा मुलगा. शिंगराचे पाय धडाच्या मानाने लांब असतात आणि ते धावताना अडखळते. किशोरवयीन मुलांच्या वाढीतही आधी पावले आणि हात वाढतात, मग पाय, आणि धड सर्वांत शेवटी त्यांना गाठते. त्यामुळे काही महिने आपलेच हातपाय आपले वाटत नाहीत, वस्तू हातून निसटतात, दाराच्या चौकटीला खांदा लागतो. अशा मुलाला आपण ‘धसमुसळा’ किंवा ‘वेंधळा’ म्हणून मोकळे होतो. ‘बुजणे’ हे क्रियापदही घोड्याचे आणि या वयाच्या मुलांचे सारखेच आहे, हे जाता जाता लक्षात आले आणि आनंद झाला.

‘टीनएज’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे, पण तो इंग्रजी आकड्यांच्या शेपटातून आला असल्यामुळे त्याची हद्द तेरापासून एकोणीसपर्यंत आहे. दहा-अकराव्या वर्षी पाळी आलेली मुलगी त्या हद्दीबाहेर राहते. मराठी आकड्यांत अकरापासून अठरापर्यंतचे सगळे शब्द ‘आ’काराने संपतात, आपण या लयीवरून वयाचा शब्द घडवला असता, तर तो शरीराच्या वेळापत्रकाला अधिक जुळला असता.

आता क्रियापदांकडे येतो, कारण मराठीची खरी श्रीमंती तेथे आहे असे मला वाटते. ‘अवस्था’ लावून केलेली नामे एक स्थिर चित्र उभे करतात, आणि यौवनारंभात तर काहीच स्थिर नसते. ‘वयात येणे’, ‘पाळी येणे’, ‘मिसरूड फुटणे’, ‘आवाज फुटणे’, ‘अंग भरणे’ या शब्दप्रयोगांत मात्र घडणे दिसते. त्यांतही ‘फुटणे’ हे विलक्षण क्रियापद आहे. भांडे फुटते आणि पालवीही फुटते. टेस्टोस्टेरॉनमुळे मुलाच्या स्वरयंत्राची वाढ होते, स्वरतंतू लांब व जाड होतात, आणि आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. हे उतरणे चालू असताना वाक्याच्या मध्येच आवाज चिरकतो, घोगरा होतो, पुन्हा वर जातो. ज्याचा आवाज फुटतो आहे, त्याला आपले काही मोडले आहे असे वाटत असते, आणि ऐकणाऱ्याला काही उगवते आहे हे कळत असते. दोघांचेही म्हणणे एकाच क्रियापदात सामावते. मुलींचाही आवाज या काळात थोडा उतरतो, पण तो बदल इतका सौम्य असतो की त्यासाठी भाषेला शब्द घडवावा लागला नाही.

‘मिसरूड फुटणे’ या प्रयोगाबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. मुलगा वयात आल्याची खूण म्हणून आपण मिसरुडाकडे पाहतो, परंतु ती सुरुवातीची खूण नव्हे. वृषणांची वाढ त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते, आणि ती कोणाला दिसत नसल्यामुळे तिच्यासाठी बोलीत शब्दच नाही. म्हणून मुलांशी बोलायला घरातली मंडळी नेहमी उशिरा सुरुवात करतात.

‘पाळी’ या शब्दाविषयी मला आदर आहे. पाळी म्हणजे क्रम, वार, फिरून येणारी वेळ. त्यात लाज नाही, विटाळ नाही. ‘कावळा शिवणे’, ‘अडचण असणे’, ‘बाहेरची होणे’ यांसारख्या आडवळणांपुढे हा शब्द किती सरळ आहे. मात्र त्याच्याबरोबर येणारे ‘चुकणे’ हे क्रियापद मुलींच्या बाबतीत टाळावे, असे मी आग्रहाने सांगेन. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ती २१ पासून ४५ दिवसांपर्यंत कितीही अंतराने येऊ शकते, कारण बीजोत्सर्जनाचा, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडण्याचा, क्रम बसायला वेळ लागतो. अशा मुलीला ‘तुझी पाळी चुकली का?’ असे विचारले, की चूक कोणाची, असा प्रश्न तिच्या मनात उभा राहतो, आणि मोठ्यांच्या जगात त्या वाक्याला गर्भधारणेचा जो संदर्भ आहे, त्यानेही ती घाबरते. ‘पाळी लांबली’ हे पुरेसे आहे. असाच त्रास ‘अकाली यौवनारंभ’ या वैद्यकीय शब्दाने होतो. मुलीला ८ वर्षांच्या आधी किंवा मुलाला ९ वर्षांच्या आधी बदल सुरू झाले, तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते, आणि तेथे हा शब्द कानावर पडतो. पण मराठीत ‘अकाली’च्या पुढे बहुतेक वेळा ‘निधन’ येत असल्याने पालकांच्या काळजाचा ठोका चुकतो. ‘वेळेआधी सुरू झालेला यौवनारंभ’ असे म्हटले, तर अर्थ कमी होत नाही. मुलींमध्ये १३ आणि मुलांमध्ये १४ वर्षांपर्यंत काहीच बदल दिसले नाहीत, किंवा १५ वर्षांपर्यंत पाळी आली नाही, तरीही डॉक्टरांकडे जावे, आणि त्यासाठी ‘उशिरा’ हा साधा शब्द चालतो.

वाढीच्या वेगासाठी ‘उफाडा’ हा अस्सल शब्द आपल्याकडे आहे. त्या काळात उंची वर्षाला ८ ते १० सेंटिमीटरने वाढू शकते, आणि मुलींचा उफाडा मुलांच्या साधारण दोन वर्षे आधी येतो, म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. पण ‘उफाड्याची मुलगी’ म्हटले, की शब्दाचा सूर बदलतो. त्यात वाढणाऱ्या मुलीपेक्षा तिच्याकडे पाहणाऱ्यांची नजर अधिक असते. वयापेक्षा मोठ्या दिसणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आपण ‘थोराड’ म्हणतो आणि मागे राहिलेल्याला ‘पोरसवदा’. थोराड दिसणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीकडून लोक चौदा वर्षांच्या मुलीचे वागणे मागतात, आणि पोरसवदा दिसणारा पंधरा वर्षांचा मुलगा खेळाच्या संघाबाहेर राहतो. दोघांचेही शरीर आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे अगदी बरोबर चाललेले असू शकते. हे शब्द मुलांच्या समोर, त्यांच्याविषयी वापरू नयेत एवढेच माझे म्हणणे आहे. लिहिताना ते मोलाचे आहेत.

मनाच्या बदलांसाठीचे शब्द पाहू लागलो, तर ‘संप्रेरक’ या शब्दापासून सुरुवात करावीशी वाटते. ‘हॉर्मोन’ हा शब्द १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने रूढ केला, तो ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. संप्रेरक हा त्याचा अचूक पर्याय आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ ध्यानात ठेवण्यासारखा आहे: प्रेरणा देणारे ते संप्रेरक. ते आज्ञा देत नाही. मुलगी रागावली, मुलगा रडला, की ‘हॉर्मोनचा परिणाम’ म्हणून विषय मिटवण्याची जी सवय लागली आहे, ती या शब्दाच्याही विरुद्ध आहे, कारण त्या रागाला बहुतेक वेळा एखादे खरे, ऐकून घेण्यासारखे कारण असते. भावनांना प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग या काळात अधिक संवेदनशील होतात आणि विचारपूर्वक आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. या अंतरामुळे भावना मोठी होते, खोटी होत नाही. ‘भावनिक आंदोलने’ हा शब्दप्रयोग येथे शोभतो, कारण आंदोलन म्हणजे मुळात झोका.

काही बोलींत पाळी आलेल्या मुलीला ‘शहाणी झाली’ असे म्हणतात. शब्द मायेचा आहे, पण तो एका दिवसात फार मोठी मागणी करतो. कालपर्यंत खेळणारी मुलगी आज शहाणी ठरते, आणि मग तिचे हसणे, धावणे, हट्ट करणे हे सारे त्या शब्दाच्या विरोधात जाते. मुलांच्या वाट्याला ‘आळशी’ हा शब्द येतो. या वयात झोपेची सूचना देणारे मेलॅटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे लवकर झोप लागत नाही आणि सकाळी जाग येत नाही. हा आळस नव्हे. त्याउलट कारण न सांगता येणाऱ्या ओढीला, एकटे बसावेसे वाटण्याला आणि त्याच वेळी कोणीतरी हवेसे वाटण्याला ‘हुरहूर’ हा शब्द आपल्याकडे आहे. मुलांसाठीच्या मजकुरात मी तो मुद्दाम वापरतो. स्वतःच्या जाणिवेला नाव मिळाले, की मुले तिच्याविषयी बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे.

त्वचेच्या बाबतीत शब्दांनी चांगली वाट काढली आहे. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या चेहऱ्यावरील पुळ्यांना ‘मुखदूषिका’, म्हणजे तोंड बिघडवणाऱ्या, म्हटले आहे; आजच्या ‘तारुण्यपीटिका’ या शब्दातून ते दूषण निघून गेले आणि केवळ वय उरले.

‘स्वप्नदोष’ या शब्दाचे मात्र तसे झालेले नाही, आणि याच शब्दासाठी मी मुख्यतः हे लिहायला घेतले. यौवनारंभात मुलाला झोपेत वीर्यस्खलन होणे ही पूर्णपणे स्वाभाविक गोष्ट आहे. काहींना ते वारंवार होते, काहींना कधीच होत नाही, आणि त्याने शक्ती जात नाही. तरीही त्याचे प्रचलित नावच त्याला दोष ठरवते, आणि ते नाव वाचलेला मुलगा स्वतःला आजारी समजून महिनोन्‌महिने गप्प राहतो. ‘स्वप्नावस्था’ म्हणावे, तर त्याचा दुसराच अर्थ रूढ आहे. ‘स्वप्नस्खलन’ सुचते, पण मराठीत ‘स्खलनशील’ म्हणजे चुका करणारा, त्यामुळे घसरणे तेथेही राहतेच. ‘वीर्यपात’ म्हटले, तर ‘अधःपात’ कानात वाजतो. वाक्य लिहायचे असेल, तेव्हा मी ‘झोपेत वीर्य बाहेर येते’ असे लिहितो, म्हणजे ‘पाळी येणे’ याच्याशी त्याचे क्रियापद जुळते. परंतु मथळ्यासाठी, आणि मुख्य म्हणजे मुलाला वडिलांजवळ किंवा डॉक्टरांजवळ एका शब्दात सांगता यावे यासाठी, नाम हवे आहे. आपल्या बोलीत दोष, पात किंवा स्खलन यांच्यापासून मुक्त असा एखादा शब्द ऐकला असेल, तर तो ज्या वाक्यात ऐकला त्या वाक्यासह कळवावा.