मदत हवी आहे : कायमची शाई निबमध्येच सुकते

नमस्कार मंडळी, मी भुसावळचा. वडिलांच्या शेतीच्या वह्या एका पावसाळ्यात भिजल्या आणि साध्या निळ्या शाईतली अर्धी पानं वाहून गेली. उरलेलं आता मी नव्या वहीत हाताने उतरवतोय, म्हणून आयर्न गॉल शाई, म्हणजे लोहाचा क्षार आणि झाडाचा तुरट अर्क यांपासून बनणारी, पाण्याने न जाणारी शाई, आणली. आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) घालून काळी शाई करत, ती याच जातीची.

शाई मात्र अप्रतिम! लिहिताना फिकट निळी, दुसऱ्या दिवशी काळीभोर. वाळलेल्या ओळीवर मुद्दाम पाण्याचे चार थेंब टाकून ठेवले. निळा रंग उतरला, काळी ओळ जशीच्या तशी.

अडचण फाउंटन पेनची आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. टोपण काढून दोन मिनिटं विचार करत बसलो की पहिलं अक्षर उमटतच नाही. ड्रॉपरने थेट टाकीत शाई भरायच्या एबोनाइटच्या (कडक रबराच्या) पेनमध्ये तर टाकी अर्धी झाली की हातातल्या उबेने शाईचा टपोरा थेंब पानावर पडतो. आठवड्याने स्टीलची निब काढली तर चिरेत काळपट थर, साध्या पाण्याने निघेना.

ही शाई आम्लधर्मी, म्हणून स्टीलची निब खराब होईल याची जास्त काळजी वाटते. धुण्याच्या पाण्यात थोडं व्हिटॅमिन सी घालतात म्हणे, कोणी केलंय का? किती घालायचं, किती वेळ ठेवायचं? आणि आपल्या उन्हाळ्यात कार्ट्रिज-कन्व्हर्टरचा (आत शाईची छोटी वेगळी नळी बसणारा) पेन बरा पडेल का? जळगाव-धुळ्याकडे कोणी रोज अशी शाई वापरत असेल तर जरूर सांगा. वडिलांच्या दोन वह्या अजून उतरवायच्या आहेत.